दात कोणाचे

'हसतील त्याचे दात दिसतील' असं आपण किती बेफिकिरीनं म्हणतो. हसू देत, आपलं काय जातं! पण जुने दिवाळी अंक चाळताना ही म्हण मला उलटी पडताना दिसते. हसतो वाचक आणि दात दिसतात चित्रातल्या कोळणीचे. कमरेवर हात, पुढ्यात टोपली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, तोंड सताड उघडं. आमच्या मोरव्याचा रस्ता पुढे उत्तनला जातो. तिथल्या कोळणी बहुतेक ख्रिस्ती. गळ्यात क्रूस, कपाळ मोकळं. त्यांच्यातली एकही मला त्या अंकांत भेटली नाही. शिवाय भाव करताना बडबड सगळी गिऱ्हाइकाची, त्या आपल्या ओठ मिटून बसलेल्या.

अमेरिकी मासिकांतही काळ्या माणसाचं चित्र असंच ठरून गेलेलं : जाड ओठ, पांढरेफेक दात. १९३३ साली 'एस्क्वायर' निघालं आणि ई. सिम्स कॅम्पबेल हा काळा व्यंगचित्रकार त्यात झळकला. आता चित्र पालटेल, असं आपल्याला वाटतं. त्यानं काढल्या गोऱ्या, नखरेल ललना. मासिकाचा तो मिशाळ, बटबटीत डोळ्यांचा गोरा रंगेल म्हातारा घडवला, तोही त्यानंच. चित्रकार काळा आहे, हे कित्येक वाचकांच्या गावीही नव्हतं. बरं, आपली माणसं त्याला काढता येत नव्हती म्हणावं, तर हार्लेममधल्या नाइट क्लबांचा त्याचा १९३२चा नकाशा त्याच माणसांनी गजबजलेला आहे. मग 'एस्क्वायर'मध्ये तो जिंकला की लपला? त्याचे दात तर कुणालाच दिसले नाहीत.

आपल्याकडे परत येऊ. गोगलगाईवरचे बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू, हे व्यंगचित्रकार शंकर यांचं १९४९चं चित्र. २०१२ साली पाठ्यपुस्तकातल्या त्या चित्रावरून वादळ उठलं, तेव्हा 'जरा विनोदबुद्धी हवी' असं मीही म्हटलं असतं. पण उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९४८ मधली बाबासाहेबांवरची व्यंगचित्रं पुस्तकात एकत्र आणली, आणि ते एक चित्र सुटं राहिलं नाही.

इथवर सगळं जुळत येतं, आणि आत्या आडवी येते. तसल्याच एका कोळणीचं चित्र कापून तिनं मसाल्याच्या कपाटाला आतून डकवलं होतं. का, विचारलं तर म्हणाली, "उभी कशी हाय बघ. कोनाचे बापाला नाय भीत."

तिचं चुकलं म्हणावं, तर ती स्वतः तश्शीच उभी राहायची.