राजाविना खेळलेला होळकर संघ

रणजी करंडक, १९४४-४५चा अंतिम सामना, मुंबईचे ब्रेबॉर्न मैदान. होळकर संघापुढे ८६७ धावांचे अशक्यप्राय लक्ष्य. युद्धसेवेसाठी महूच्या छावणीत आलेला डेनिस कॉम्प्टन नाबाद २४९ धावांवर उभाच राहिला. मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके झळकावली. तरीही संघ ४९२ धावांवर आटोपला.

पुढच्याच वर्षी तो विजेता ठरला. महाराजा यशवंतराव होळकरांचा आश्रय आणि सी. के. नायडूंचे करडे नेतृत्व यांच्या बळावर इंदूरकडे चार करंडक आले. १९४८मध्ये संस्थान विलीन झाले; चारांपैकी दोन करंडक त्यानंतरचे, हे सहसा कोणी सांगत नाही! १९५५च्या सुमारास मात्र संघही स्पर्धेतून नाहीसा झाला. इंदूरच्या मैदानाला आज होळकरांचे नाव आहे.