व्याख्येपर्यंतची उडी

लिनक्स कर्नलचा सोर्स ३ कोटी ओळींच्या पुढे गेलाय. गिट ग्रेप झपाट्याने शोधतं, पण फंक्शन कुठे वापरलंय आणि कुठे लिहिलंय हा भेद त्याला कळत नाही. शेकडो ओळी अंगावर येतात, हवी ती त्यातच कुठेतरी.

•

सोर्सच्या मुख्य फोल्डरात 'मेक टॅग्ज': नावांच्या व्याख्यांची यादी तयार. मग विममध्ये नावावर कर्सर, कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस: थेट व्याख्येवर. कंट्रोल-टी: आलो तिथे परत. नवख्यांना पहिली उडी सगळे शिकवतात, परतीची कळ कुणी सांगत नाही. कामाची खरी तीच.

•

टॅग्जची फाइल एकदा उघडून बघावी. साधा मजकूर. नाव, फाइलचा पत्ता, आणि पुढे बहुतेकदा ओळीचा क्रमांक नाही, तर ती अख्खी ओळच, शोधायचा नमुना म्हणून. वरती कुणी पन्नास ओळी घुसडल्या तरी उडी चुकत नाही. नावं क्रमाने लावलेली असतात, त्यामुळे विम यादी निम्मी-निम्मी करत जातो. लाखो नावांतही क्षणात पोचतो. बर्कली युनिक्सच्या काळातली युक्ती, अजून तिला तोड नाही.

•

'सिस_रीड' ग्रेपने शोधलं तर घोषणा सापडते, व्याख्या नाही. ती एफएस फोल्डरात, रीड_राइट डॉट सी मध्ये, 'सिसकॉल_डिफाइन३' या मॅक्रोच्या पोटात. तिथे नाव नुसतं 'रीड'. कर्नलच्या टॅग्ज स्क्रिप्टमध्ये यासाठी खास रेग्युलर एक्स्प्रेशन आहे. ती स्क्रिप्ट सोडून टॅग्ज बनवणारं सीटॅग्ज नुसतंच चालवणारे इथे अडकतात.

•

तिथून पुढे गेलं की 'व्हीएफएस_रीड'मध्ये पुढची गोची. फाइलच्या 'एफ_ऑप'मधून 'रीड' किंवा 'रीड_आयटर' बोलावलं जातं. उडी मारली की स्ट्रक्चरच्या त्या फील्डवर जाऊन बसतो, म्हणजे कुठेच नाही. प्रत्यक्षात कोणतं फंक्शन चालेल ते फाइलसिस्टमवर ठरतं. इथे मुकाट्याने गिट ग्रेपकडे वळायचं: आधी टिंब, मग 'रीड_आयटर', मग बरोबरचं चिन्ह. यादीतून ईएक्सटी४ची ओळ उचलायची: 'ईएक्सटी४_फाइल_रीड_आयटर'.

•

टॅग्जऐवजी क्लँगडी हा लँग्वेज सर्व्हर वापरला तर तो हुशार. एकाच नावाची दहा स्टॅटिक फंक्शनं असली तरी नेमकं ओळखतो. टॅग्ज यादी पुढ्यात टाकून मोकळे. पण त्याला आधी कंपाइलच्या आज्ञांची फाइल बनवून द्यावी लागते, आणि कॉन्फिगमध्ये बंद ठेवलेला ड्रायव्हर त्या फाइलीत नसतोच. दुसऱ्याचा ड्रायव्हर वाचायचा असेल तर मी अजून टॅग्जच काढतो. शाखा बदलली की ते शिळे होतात. म्हणून गिटच्या पोस्ट-चेकआउट हुकमध्ये ते पुन्हा बनवणारी एक ओळ टाकून ठेवलीय.