खरं होतं, पण अर्धं

१९९८च्या नोव्हेंबरात मी दोन पानांचं एक निवेदन लिहिलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तरीही ती माझ्या नोकरीतली मोठी चूक होती. दुसरी चूक पाच वर्षांनी झाली, आणि ती पहिलीच्या धास्तीपोटी झाली.

तेव्हा मी वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधीगृहाच्या एका सदस्याकडे साहाय्यक होतो. परराष्ट्र व्यवहाराची टिपणं काढायची, मतदारांच्या पत्रांना उत्तरं द्यायची आणि साहेबांसाठी निवेदनं लिहायची, हे माझं काम. त्या वर्षी ६ मे रोजी बादमे गावाजवळ इथिओपिया आणि एरिट्रियाच्या लोकांत चकमक झाली. १२ मे रोजी एरिट्रियाचं सैन्य त्या भागात घुसलं आणि पाचच वर्षांपूर्वी वेगळे झालेले दोन देश एकमेकांवर तुटून पडले. अमेरिका आणि रवांडाची पहिली मध्यस्थी फसली, सूत्रं आफ्रिकी ऐक्य संघटनेकडे गेली. अमेरिकेतर्फे अँथनी लेक दोन्ही राजधान्यांत खेपा घालत होते. नोव्हेंबरात वागादुगूमध्ये संघटनेने तोडग्याचा आराखडा पुढे ठेवला. म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यस्थांवर विश्वास टाकावा अशी नेमकी ती वेळ होती.

त्याच आठवड्यात आमच्या मतदारसंघातल्या एरिट्रियन कुटुंबांचं शिष्टमंडळ आलं. इथिओपियातून एरिट्रियन वंशाच्या लोकांना हाकलणं सुरू होतं. पुढे हा आकडा सुमारे ७५ हजारांवर गेल्याचं मानवाधिकार संघटनांनी नोंदवलं. एका बाईंच्या भावाला अदिस अबाबातल्या घरातून रात्री उठवून नेलं होतं आणि बसमधून सीमेपलीकडे सोडलं होतं. दुकानाची किल्ली तेवढी त्याच्या खिशात राहिली. सांगताना त्या बाई स्वतःचीच मूठ घट्ट धरून बसल्या होत्या.

मी पेटून लिहायला बसलो. त्यामागे महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातलं माझं बेळगावही होतं. दर १ नोव्हेंबरला वडील दंडाला काळी फीत बांधून फेरीत जायचे, मी त्यांचं बोट धरून चालायचो. सीमेच्या भांडणात एका बाजूवर अन्याय झालेला असतो आणि ती बाजू आपल्याला ओळखता येते, हे तेव्हापासून माझ्या अंगात मुरलेलं. त्यात एरिट्रिया लहान देश, हातात १९००, १९०२ आणि १९०८ सालचे, वसाहतकाळात इटलीचे इथिओपियाशी झालेले सीमेचे करार. समोरच्या पक्षाला एक फोन करावा, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

सदस्याने सभागृहात उभं राहून वाचलं नाही तरी लेखी निवेदन कामकाजाच्या अधिकृत नोंदीत छापून येतं. माझं आलं. दोन दिवसांत त्याच्या प्रती फॅक्सवरून फिरू लागल्या. वरची कडा अशी कापलेली, की एका सदस्याचं मत हे अमेरिकी संसदेचंच मत वाटावं.

पुढच्या महिन्यात एक इथिओपियन टॅक्सीचालक भेटीची वेळ घेऊन आले. वय साठीच्या घरात, अंगात इस्त्रीचा कोट. निवेदनाची प्रत त्यांनी टेबलावर ठेवली आणि पिशवीतून एक एक्स-रे काढून खिडकीच्या उजेडात धरला. लहान मुलाची मांडी होती. हाडाभोवती तांदळाच्या कण्या सांडाव्यात तसे पांढरे ठिपके दिसत होते. ५ जूनला एरिट्रियाच्या विमानांनी मेकेलेत ऐदर शाळेच्या परिसरात क्लस्टर बॉम्ब टाकले. पन्नासहून अधिक नागरिक गेले, त्यात शाळकरी मुलंही होती. हा मुलगा त्यांचा भाचा. तो वाचला होता.

ते म्हणाले, "तुमच्या कागदातली एकही गोष्ट मला खोडता येत नाही. पण यात ऐदर कुठे आहे?"

मी म्हणालो, निवेदनाचा विषय हकालपट्टीचा होता. बोलताना माझं मलाच ते लंगडं वाटलं. ऐदरची बातमी मी जूनमध्ये वाचली होती. लिहिताना ती मी गाळली होती, कारण तिच्यामुळे माझं निवेदन फिकं पडलं असतं.

परदेशातला लोकप्रतिनिधी काही मध्यस्थ नसतो, त्याला मत मांडायचा हक्क आहे. पण अस्मारात किंवा अदिस अबाबात बसलेल्या माणसाला सरकार वेगळं आणि संसद वेगळी हा भेद दिसत नाही. एकाला वाटतं, वॉशिंग्टन आपल्या पाठीशी आहे, मग नमतं का घ्यायचं? दुसऱ्याला वाटतं, दूत म्हणून आलेला माणूसही त्यांच्यातलाच. पंचाची घोंगडी अशी दोन्हीकडून ओढली जाते.

दुरुस्तीचा मार्ग होता. दुसरं निवेदन नोंदवता आलं असतं. मतदार दुखावतील या भीतीने मी साहेबांकडे तो विषयच काढला नाही.

युद्ध चालूच राहिलं. मे २००० मध्ये इथिओपियाने मोठी चढाई केली. दोन्हीकडची मिळून हजारो तरुण पोरं खंदकांत मेली. १२ डिसेंबर २००० रोजी अल्जीयर्सला करार झाला. त्यानुसार नेमल्या जाणाऱ्या सीमा आयोगाचा निकाल अंतिम आणि बंधनकारक राहील, असं दोघांनी लिहून दिलं. १३ एप्रिल २००२ला निकाल लागला आणि त्या रेषेनुसार बादमे एरिट्रियात गेलं. सप्टेंबर २००३ मध्ये इथिओपियाने तो अमान्य असल्याचं संयुक्त राष्ट्रांना कळवलं.

ज्यांच्या भावाला हाकललं होतं त्या बाई पुन्हा आल्या. कराराचा मान राखा, एवढं एक वाक्य साहेबांनी म्हणावं, ही त्यांची मागणी. मी साहेबांना सांगितलं, "आपण निःपक्षपाती राहावं, गप्प बसावं." एकदा दुधाने तोंड पोळलं होतं, म्हणून ताकही फुंकून पिणं मला शहाणपण वाटलं.

ही दुसरी चूक. निकालाआधी दोघांचं सारखंच ऐकावं, आणि निकालानंतर दोघांनी मिळून दिलेल्या शब्दामागे उभं राहावं. निःपक्षपातीपणा या दोन्हींत आहे. मी मौनालाच ते नाव दिलं आणि शब्द मोडणाऱ्याला सोयीचा झालो. २००५च्या डिसेंबरात त्याच कराराने नेमलेल्या दाव्यांच्या आयोगाने म्हटलं, की मे १९९८मध्ये बळाचा वापर करून एरिट्रियाने संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचा भंग केला. म्हणजे रेषेचा निकाल एकाच्या बाजूने आणि हत्यार उचलण्याचा दोषही त्याच्याच माथी. माझ्या दोन पानांत एवढ्या सत्याला जागाच नव्हती.

भारतीय जवानही ज्यात होते ती संयुक्त राष्ट्रांची सीमेवरची शांतिसेना २००८च्या जुलैअखेर गुंडाळली गेली. तोवर जमिनीवर सीमेचे खांब रोवले गेले नव्हते. दोन्ही देशांनी युद्ध संपल्याचं जाहीर केलं ते २०१८च्या जुलैत. माझ्या एका वाक्याने ती दहा-पंधरा वर्षं वाचली असती, असं मी म्हणत नाही. पण ते वाक्य लिहिणं माझं काम होतं.

त्या टॅक्सीचालकांचा पत्ता माझ्या वहीत बरीच वर्षं होता. नंतर वही गेली. पत्र मी लिहिलं नाही.