माप

अंदाज बांधण्याचा मला फार षोक. २०२४ सालच्या १ जूनला संध्याकाळी मतदानोत्तर चाचण्यांचे आकडे ऐकून मी शिंप्याच्या दुकानात शिरलो, तो त्याच तोऱ्यात.

"चाचा, तुमचं मत कुणाला पडलं, हे विचारायलाच नको!" मग काजं करीत बसलेल्या मावशींकडे वळून म्हणालो, "आणि या बिचाऱ्यांनी कुणी सांगितलं तिथं बटण दाबलं असेल."

चाचांनी यंत्र थांबवलं. "सर, वीस वर्षं तुमचे कपडे शिवतोय. तरी दर खेपेला टेप लावतो. तुम्ही न मोजताच आमची मापं काढलीत!"

मावशींनी मान वर केली नाही.

घरी आलो, तो खजील होऊन. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १७ कोटींवर मतदार होते. त्यांतले शेकडा ८० हून अधिक निरक्षर. चिन्हे पाहून त्यांनी मते दिली. निम्म्याहून अधिक देशाला वाचता येत नसताना १९७७ साली त्याच देशाने दिल्लीचे सरकार पालटले. हे मी विद्यार्थ्यांना अभिमानाने सांगतो; पण मावशींना ते लागू करताना माझी एम. ए. ची पदवी आड आली!

४ जूनला निकाल लागले. बहुतेक चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या होत्या, आल्या २९३.

दुसऱ्या दिवशी कापड घेऊन दुकानात गेलो. "चुकलो," एवढंच म्हणालो. चाचांनी टेप लावली. कंबर दोन इंच वाढली होती.

"बघा सर," मावशी म्हणाल्या, "मोजलं म्हणून कळलं."