पुण्याची मिसळ बरी

भाच्याचा फोन फज्रनंतर येतो. आमच्याकडे पालीत तेव्हा उजाडत असतं आणि तिकडे न्यू हेवनला आदली रात्र चालू असते. आपाचं सासर गावातच, चार घरं सोडून. फोनच्या वेळेला ती काहीतरी निमित्त काढून येते आणि आमच्या स्वयंपाकघरात चहा टाकते. तिला वाटतं, मुलगा मामूशी अभ्यासाचं, पुढच्या नोकरीचं बोलत असेल. खरं सांगायचं तर गेले चार महिने आम्ही मुख्यतः पिझ्झावर बोलतोय.

न्यू हेवन हे कॉलेजांचं शहर. येल विद्यापीठ तिथलंच. भाचा येलमध्ये नाही, जवळच्याच दुसऱ्या विद्यापीठात आहे, पण पिझ्झावरून भांडायला विद्यापीठाची अट नाही. तिथे तीन जुनी दुकानं आहेत आणि विद्यार्थ्यांचे त्यावरून तीन तट. वूस्टर स्ट्रीटवर फ्रँक पेपेचं दुकान, १९२५ सालचं. हा पेपे इटलीतून आलेला. त्याच रस्त्यावर सॅलीज, १९३८ चं. ते काढलं सॅल्व्हातोर कॉन्सिलिओने, आणि हा कॉन्सिलिओ म्हणजे पेपेच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. म्हणजे मामा आणि भाच्याची दुकानं एकाच रस्त्यावर! हे ऐकून मी भाच्याला म्हटलं, तू माझ्यासमोर दुकान काढू नकोस. तिसरं मॉडर्न, १९३४ चं, ते जरा लांब. पेपे आणि सॅलीजकडे भट्टी दगडी कोळशाची. त्यामुळे पिझ्झाची कड काळी होते. भाच्याला पहिल्यांदा वाटलं करपलाय, परत द्यावा. साधा पिझ्झा मागितला तर त्यावर टोमॅटोचा रस आणि किसलेलं चीज एवढंच येतं. आपल्याकडे पिझ्झा म्हणजे ज्याची तार निघते ते मोझरेला. तिथे ते हवं असेल तर वेगळं सांगावं लागतं.

हे सगळं तो मला पाठ म्हणून दाखवायचा. मग एकदा मी विचारलं, "तुझं कुठलं?"

तो थांबला. म्हणाला, "मामू, मला कोण विचारतंय?"

मुलं चांगली आहेत, हे त्यानेच सांगितलं. मागवताना त्याला कधी विसरत नाहीत. सगळ्यांचे पिझ्झा सॉसेजचे, बेकनचे. त्याच्यासाठी एक साधा वेगळा येतो आणि खोक्यावर पेनाने त्याचं नाव लिहिलेलं असतं. मग सगळे खाता खाता भांडतात. पेपेचा की सॅलीजचा, कड जास्त काळी की बरोबर. भाचा त्याच्या नावाच्या खोक्यातून खातो आणि ऐकतो. मध्येच कोणीतरी अगदी आपुलकीने विचारतं, तुझा ठीक आहे ना? तो हो म्हणतो.

आपाला यात काही वावगं दिसलं नसतं. उलट तिने त्या मुलांसाठी दुआ केली असती. पण "तुझा ठीक आहे ना" हा प्रश्न मला ओळखीचा आहे. मी तो कोल्हापुरात ऐकलाय, मिसळीच्या टेबलावर.

पाली ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: मुंबई-गोवा हायवे आमच्या गावावरून पुढे लांज्याकडे जातो आणि गावातूनच कोल्हापूरचा रस्ता फुटतो. नाणीज, साखरपा, मग आंबा घाट चढला की मलकापूर. शंभरएक किलोमीटर. आमच्या गावचा मुलगा शिकायला निघाला की याच तिठ्यावर त्याचं ठरतं. बहुतेक मुंबईकडे तोंड करतात, कारण प्रत्येकाचा एक चाचा नाहीतर खालू मुंबईत असतोच. मी १९९१ साली घाटावर गेलो, शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करायला.

खोली शोधण्यात तीन आठवडे गेले. नाव सांगेपर्यंत खोली रिकामी असायची. नाव सांगितलं की ती आदल्याच दिवशी कोणीतरी घेतलेली निघायची. आणि हे त्या शहरात, जिथे शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली आणि तिचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगवरून जाताना मला या दोन्ही गोष्टी एकदमच आठवायच्या. दोन्ही खऱ्या होत्या. शेवटी शाहूपुरीत खोली मिळाली. वर्गातल्या तिघांशी दोस्ती झाली ती मात्र पहिल्याच महिन्यात, आणि भांडणातून.

कोल्हापुरात मिसळीवरून भांडण करावं लागत नाही, ते चालूच असतं, आपण फक्त त्यात शिरायचं. एक दोस्त कसबा बावड्याचा. त्याच्या मते बावडा मिसळ सोडून बाकी सगळं उसळीत फरसाण. दुसरा मंगळवार पेठेतला, त्याचं घराणं खासबागच्या मिसळीचं, आणि तो खासबाग मैदानातल्या कुस्त्यांइतक्याच अभिमानाने तिच्याबद्दल बोलायचा. तिसरा गडहिंग्लजकडचा, म्हणजे माझ्यासारखाच बाहेरचा. तो उद्यमनगरातल्या फडतऱ्यांकडे झुकलेला. मी महाद्वार रोडची चोरगे मिसळ धरली. खरं कारण एवढंच की ती बाकी कोणी धरली नव्हती.

रविवारी सकाळी निघायचं, कारण उशीर केला की कट संपतो. कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडचे स्लाइस. ताटलीत मोडाची उसळ, वर शेव-चिवडा, कांदा, कोथिंबीर, आणि त्यावर तो लाल कट. मला पहिल्यांदा ठसका लागला तेव्हा बावड्याचा खूश झाला. मी नाक पुसत म्हटलं की कटात खोबरं कमी भाजलंय. आम्ही कोकणातले, खोबऱ्याच्या बाबतीत आम्हाला गप्प बसता येत नाही.

"माशे खाणाऱ्यानं मिसळीवर बोलायचं न्हाई," तो म्हणाला. "तुला काय कळतंय त्यातलं?"

दोन तास भांडलो. दुकानदाराने टेबल रिकामं करायला सांगितलं तेव्हा रस्त्यावर उभे राहून भांडलो.

मिसळ शाकाहारी, म्हणून मी त्या भांडणात पहिल्यापासून होतो. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं तसं नव्हतं. तिघं मटणाच्या खाणावळीत जायचे, मी हलालचा प्रश्न म्हणून टाळायचो आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा वाद नुसता ऐकायचो. एकदाच अपवाद झाला. गडहिंग्लजच्या दोस्ताने गावच्या यात्रेला नेलं. त्याच्या आजीने मला वाड्याच्या सोप्यात बसवून आधीच सांगितलं, "बकरं मुलाण्यानं कापलंय बाळा, पोटभर जेव." त्यांच्या गावची ती पिढ्यांची रीत, माझ्यासाठी काही वेगळं केलेलं नव्हतं. तो पांढरा रस्सा मी चार वाट्या प्यालो आणि तेव्हापासून पांढऱ्याबद्दल माझं मत आहे. एकाच घरच्या रश्श्यावर बनलेलं, पण आहे.

१९९२ चा डिसेंबर आला. मी सुट्टीला पालीत होतो. अब्बा रेडिओपासून हलत नव्हते. मुंबईत चाचांचं कुटुंब नागपाड्यात. जानेवारीत दंगल पुन्हा पेटली तेव्हा कितीतरी दिवस त्यांची काही खबर नव्हती. मग एकदाचा निरोप आला, सगळे ठीक. त्यानंतर मी कोल्हापूरची एसटी धरली. अम्मीने बॅगेत काय काय भरलं ते आठवत नाही, फक्त तिने दोन वेळा बॅग उघडून परत भरली हे आठवतं.

पहिल्या रविवारी तिघं खोलीवर आले. म्हणाले, चल, चोरग्यांकडे जाऊ. दीड वर्षात त्यांनी चोरग्यांचं नाव आपणहून काढलं नव्हतं. गेलो. मला आतल्या बाजूला बसवलं. बावड्याच्याने लिंबाची फोड माझ्याकडे सरकवली. मंगळवार पेठेतल्याने विचारलं, "तुझं ठीक आहे न्हवं?" मी हो म्हटलं. सगळे खाली बघून खायला लागले.

मला ते असह्य झालं. म्हटलं यांना चिडवावं. मी मोठ्याने म्हणालो, "खरं सांगू, यापेक्षा पुण्याची मिसळ बरी."

कोल्हापुरात हे वाक्य उच्चारून माणूस सुखरूप घरी जात नाही. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी वळून पाहिलं. मी वाट बघत होतो.

"हां," बावड्याचा म्हणाला. "असंल की."

माझं बिलही त्यांनी दिलं. मी खोलीवर आलो आणि त्या रात्री पहिल्यांदा मला हे शहर सोडून जावंसं वाटलं. खोल्या नाकारणाऱ्यांनी जे केलं नव्हतं ते या तिघांच्या चांगुलपणाने केलं. ते मला जपत होते, आणि जपायच्या माणसाशी कोणी मिसळीवरून भांडत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी रमजान लागला. रविवारच्या फेऱ्या आपोआप बंद झाल्या आणि मला सुटल्यासारखं वाटलं. १२ मार्चला, जुम्म्याच्या दिवशी, मुंबईत बॉम्बस्फोट झाले. मी दोन दिवस वर्गाला सोडून कुठे गेलो नाही. वर्गात कोणी काही बोललं नाही, शेजारच्या बाकावर मात्र जरा जास्त जागा असल्यासारखी वाटली. कदाचित ती आधीही तेवढीच असेल.

रविवारी संध्याकाळी, मगरिबला थोडा वेळ असताना दार वाजलं. बावड्याचा, एकटाच. हातात स्टीलचा तीन पुडाचा डबा. सकाळी जाऊन कट आणि उसळ घेतली होती, दिवसभर घरी ठेवून आईकडून गरम करून आणली होती. शेव कागदात वेगळी, मऊ पडू नये म्हणून. त्याला इफ्तारीची वेळ ठाऊक नव्हती. खाली पानाच्या टपरीवर विचारून, जिन्यात बसून राहिला होता.

खजूर, पाणी, नमाज, आणि मग मिसळ. दिवसभराच्या उपाशी पोटावर बावड्याचा कट काय करतो ते मी इथे लिहीत नाही. त्याने मला दोन घास खाऊ दिले. मग विचारलं, "कशी हाय?"

मी खरं ते सांगितलं. "खारट."

तो माझ्याकडे बघत राहिला. दोन महिन्यांत त्याने माझ्याकडे असं सरळ बघितलं नव्हतं.

"उपासानं तोंड गेलंय तुझं," तो म्हणाला. "आनि काय म्हणालास तू त्यादिवशी? पुण्याची? पुण्याची मिसळ? अरे कोंबडीच्या, लाज न्हाई वाटली चोरग्यात बसून असं बोलायला?"

रात्री अकरापर्यंत तो मला शिव्या घालत होता. दोन महिन्यांची थकबाकी होती.

गडहिंग्लजचा पुढच्या आठवड्यात परत भांडायला लागला. मंगळवार पेठेतला मात्र नाही. तो शेवटपर्यंत माझ्याशी गोडच बोलला. आजही दोन्ही ईदना त्याचा चंद्रकोरीचा संदेश न चुकता येतो, आणि मी न चुकता शुक्रिया लिहितो. बावड्याच्याने आजवर कधी ईद मुबारक पाठवलं नसेल. तो मध्यरात्री फोन करून सांगतो की पुण्यात कोणीतरी 'कोल्हापुरी मिसळ' अशी पाटी लावलीय आणि त्याला मी जबाबदार आहे.

यातलं भाच्याला मी काहीही सांगितलं नाही. फक्त एवढं विचारलं, "त्या पेपेकडे तिसऱ्यांचा पिझ्झा मिळतो म्हणालास ना? तो खाल्लास का?"

तो तिथला नावाजलेला प्रकार. टोमॅटो नाही, मोझरेला नाही. तिसऱ्या, लसूण, ऑलिव्ह तेल, किसलेलं चीज. त्याने घेतला नव्हता, कारण वर्गातल्या हैदराबादच्या मुलाने सांगितलं होतं की हे चालत नाही. मी म्हटलं, तो हनफी असेल, त्याचं बरोबर आहे. आपण कोकणी, शाफई. समुद्रातलं जवळपास सगळं आपल्याला चालतं. नाहीतर तुझी नानी तुझ्या जन्माआधीपासून तिसऱ्यांचं सुकं कशाला करतेय? बेकन घालतात का ते विचारून घे, आणि भट्टीत बाकीचंही भाजतात, तेव्हा मन मानत असेल तर खा. नाही मानलं तर नको.

गेल्या आठवड्यात फोन आला तो तणतणतच. गेला होता. बेकनशिवाय मागितला. खाल्ला. आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला की तिसऱ्या जास्त शिजल्यात, चिवट झाल्यात.

"मामू, तो एक आहे ना, तिथलाच, कनेटिकटचा. मला म्हणतो, तुला येऊन किती दिवस झाले, तुला काय कळतंय यातलं! तिसऱ्यांतलं! मला!"

"मग तू?"

"मी म्हटलं, तुमचा पिझ्झाच मुळात करपलेला असतो."

"मग?"

"मग काय, दीड वाजेपर्यंत भांडलो. शुक्रवारी मला सॅलीजला नेणार आहेत. दाखवतोच म्हणतात. मी पण दाखवतो त्यांना."

आपा चहाचा कप घेऊन दारात उभी होती. "आवाज का चढलाय त्याचा? ठीक आहे ना सगळं?"

"ठीक आहे. पोरांशी भांडतोय."

तिचा चेहरा उतरला. "भांडू नको म्हणावं त्याला. परका मुलूख आहे."

फोन माझ्या हातात होता. हा निरोप मी काही पुढे दिला नाही.