पट्टा घेतलात का?

गल्लीतला दिवा बंद पडला की तक्रार जाते आणि एके सकाळी शिडीची गाडी येते. पिंजऱ्यात उभा राहून वर चढणारा माणूस खाली जमलेल्या मुलांना सर्कशीतला वाटतो.

त्याची बायको मात्र रोज डबा देताना विचारते, "अहो, पट्टा घेतलात का?" पट्टा असतो, पण गाडीत, सीटखाली. पाच मिनिटांचे काम, भोवती कमरेएवढा कठडा, पडायचे कसे?

पाय घसरून नव्हे, माणूस उडून पडतो. वेळ वाचवायला पिंजरा वरच ठेवून गाडी पुढच्या खांबाकडे सरकवतात. चाक लहानशा खड्ड्यात गेले, तरी लांब दांड्याच्या टोकाला मोठा हिसका बसतो आणि माणूस कठड्यावरून बाहेर फेकला जातो. म्हणून पट्टा पिंजऱ्यातल्या कडीलाच अडकवायचा. तो शेजारच्या खांबाला बांधणारे शहाणेही असतात! गाडी हलली की तोच पट्टा त्यांना बाहेर खेचतो.

पावसाळ्यात गाडीचे टेकू ओल्या मातीत खचतात. त्यांच्याखाली जाड फळ्या हव्यात. आणि वरच्या तारा? उच्च दाबाची वीज स्पर्शाचीही वाट पाहत नाही, जवळ गेले तरी झेपावते. पिंजरा तारेला टेकला तर वीज गाडीतही उतरू शकते. मग मदतीला धावून गाडीला हात लावणाराही वाचत नाही. मुलांना लांब उभे करायचे ते यासाठी.

अशाच एका गल्लीत खालून एका आजींनी हाक मारली, "अरे, पट्टा बांधलास का?" तो ओशाळला. पिंजरा खाली आला, सीटखालून पट्टा निघाला, आणि मग तो पुन्हा वर गेला.