नियुएची दैनंदिनी : बंद घरांच्या किल्ल्या

शनिवार, ऑकलंड

भाच्याने पहाटेच ओटाराच्या बाजारात नेले. तारोचे ढीग (आपल्या अळूचाच कंद, फक्त हाताला चांगला जड), रताळी, मासे, फुलांचे हार. एका टपरीवरच्या दोघी बहिणी नियुएच्या निघाल्या, मी चालले आहे त्याच प्रशांत महासागरातल्या बेटदेशाच्या. म्हणजे आईवडील तिथले, या जन्मल्या इथे. थोरली एकदाच गेली, आजीच्या मयताला. धाकटीने बेट अजून पाहिलेले नाही. न्यूझीलंडच्या २०१८च्या जनगणनेत स्वतःला नियुएचे म्हणवणारे ३०,८६७ लोक निघाले. खुद्द नियुएत २०२२ साली १,६८१. विमानात बसण्याआधीच त्या देशाची बरीच माणसे मला दिसून गेली.

भाच्याने डासांचे मलम दिले. लागेल म्हणतो.

सोमवार, अलोफी

मंगळवारी सकाळी निघाले आणि साडेतीन तासांनी सोमवारी दुपारी उतरले. मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे. त्यात विमान पाऊण तास उशिरा. आठवड्यातून दोनच विमाने येतात, म्हणून निम्मे गाव विमानतळावर.

खोली १३० डॉलर, गाडी ६०, मासे-भात २४. चलन न्यूझीलंडचेच. फोनला रेंज नाही. समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला हात करतो, अगदी प्रत्येक. मीही केला. डास.

मंगळवार

दुकान चारला बंद. ब्रेड संपला, जहाज आल्यावर येईल म्हणाले. जहाज महिन्याकाठी एखादे, तेही लांब उभे राहते आणि माल छोट्या होड्यांतून उतरतो. बिस्किटे ७ डॉलर, केळी ४, पेट्रोल ३०. रेंज नाही. हात केलेल्या गाड्या: नऊ. डास चावून पाय सुजले.

बुधवार, लिकू

अलोफीहून बेट आडवे ओलांडून पूर्व किनाऱ्यावर लिकूला गेले. सगळे बेट म्हणजे समुद्रातून वर उचलला गेलेला प्रवाळाचा खडक, २६० चौरस किलोमीटर, एकही नदी नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडी आणि झाडीत घरे. आधी वाटले, एखाद-दुसरे पडके असेल. मग मोजायचेच सोडले. १९५९ आणि १९६०च्या वादळांनंतर न्यूझीलंडने काँक्रीटची घरे बांधून दिली, त्यांतलीच बरीचशी. काहींची छपरे गेलेली, खिडक्यांतून झाडे बाहेर आलेली. पण अंगणात थडगे आणि थडग्यावर ताजी फुले. म्हणजे घर सोडले आहे, माणसे सोडलेली नाहीत.

एका ओट्यावर एक आजी केवड्याच्या जातीची पाने घेऊन टोपी विणत बसल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे, इंग्रजी स्वच्छ. पाणी दिले, उकडलेला तारो दिला, आणि मी घरांबद्दल विचारले तेव्हा आत जाऊन किल्ल्यांचा जुडगा घेऊन आल्या. पाच घरांच्या किल्ल्या. भावाच्या, दोन चुलत भावांच्या, नणंदेच्या, आणि एक अशा कुटुंबाची, ज्यातले आता बेटावर कोणीच नाही. दर महिन्याला त्या प्रत्येक घराची दारे उघडून हवा खेळवतात, केर काढतात.

"सगळे एकदम गेले का, आजी?"

"छे! आधी एक गेला. मग त्याने धाकट्याला बोलावले. मग आईला. गेलेला माणूस पुढच्याचे भाडे भरतो."

त्यांच्या तरुणपणी विमानाची धावपट्टी झाली. १९६६ला बेटावर ५,१९४ माणसे होती. त्याहून जास्त पुन्हा कधी झाली नाहीत. १९७४ला स्वराज्य आले, न्यूझीलंडशी मुक्त सहचर्याचे, आणि नागरिकत्व मात्र न्यूझीलंडचेच राहिले. ना व्हिसा, ना परवाना, नुसते तिकीट काढायचे. रोगराईने किंवा उपासमारीने हा देश रिता झालेला नाही. दार उघडे होते आणि पलीकडे पगार चांगला होता, एवढेच कारण पुरले.

मी म्हटले, इतकी घरे आहेत तर कोणाला राहायला द्या की. आजींनी विणणे थांबवले. जमीन एका माणसाची नसते, मंगाफाओआची असते, म्हणजे साऱ्या गोतावळ्याची. विकायची तर सोयच नाही. कोणाला राहायला द्यायचे तर सगळ्यांचा होकार हवा. एक ऑकलंडला, एक सिडनीला, एकाचा पत्ताच नाही. "विकता आली असती, तर आज हे बेट हॉटेलवाल्यांचे असते," त्या म्हणाल्या आणि मला ते शंभर टक्के पटले. मग त्यांनीच पुढे सांगितले, की त्यांच्या नातीचे लग्न झाले आहे, पदरात दोन मुले आहेत आणि ती चौघे आईबापांकडे एका खोलीत राहतात. नजरेच्या टप्प्यात पाच घरांना कुलूप. हेही तितकेच खरे. बेट राखणारा नियमच बेटावर राहू पाहणाऱ्याला जागा देत नाही. दिवसभर हे डोक्यातून जात नाही.

उशीर झाला. दुकान बंद. डास.

गुरुवार

पाऊस. विधानसभेची इमारत बाहेरून पाहिली. वीस सदस्य: चौदा गावांचे एकेक, उरलेले सहा साऱ्या बेटाने निवडलेले. गाव केवढेही असो, जागा एक. तोइ आणि नामुकुलू ही गावे म्हणजे मोजकी कुटुंबे, पण त्यांचाही आमदार आहेच. मला हे फार आवडले. जेवण २६ डॉलर. ब्रेड नाही.

शुक्रवार, वाइआ

पहाटे अलोफीचा बाजार. अंधारात गेले, उजाडेपर्यंत अर्धा संपला होता. ताकिही खाल्ली: तारो आणि पपईच्या पातळ चकत्या एकावर एक रचून, नारळाचे दाट दूध ओतून, पानात बांधून जमिनीतल्या भट्टीत भाजलेली. पपई विरघळून तारोत उतरते. गोड की तिखटामिठाची म्हणावी, ठरत नाही. दोन खाल्ल्या, एक बांधून घेतली.

दुपारी वाइआ. हे गाव जवळजवळ ओस पडले होते. १९९०च्या दशकात तुवालूची कुटुंबे आली आणि नियुएच्या सरकारने त्यांना इथे वसवले. आज अंगणात मुले खेळत होती, कपडे वाळत होते, कोणीतरी होडी रंगवत होते. या प्रवासात पोरांचा गोंगाट प्रथमच इतका ऐकला. टोंगा, समोआ, फिजी, फिलिपाईन्सचे लोकही बेटावर कामाला आहेत. जाणारे गेले तरी एकूण आकडा गेली काही वर्षे तेवढाच टिकला, त्यात या आलेल्यांचा वाटा आहे आणि तो आदराने सांगायला हवा.

शनिवार

आज मला कोणीतरी हाताला धरून एका मांडवात नेले. हिफी उलू, मुलाचे केस कापण्याचा सोहळा. आपले जावळच, फक्त उशिरा. मुलगा बारा-तेरा वर्षांचा, केस जन्मापासून न कापलेले, कमरेपर्यंत. त्यांच्या बारीक बटा करून रिबिनी बांधलेल्या. एकेक पाहुणा येतो, एक बट कापतो आणि पैसे ठेवतो. कोणी किती ठेवले याची नोंद होते. मग यजमान त्या मानाने डुक्कर, मासे, तारो वाटून देतात. वाटा ठरवणारे पुरुष मोठमोठ्याने हुज्जत घालत होते. उंगा, म्हणजे नारळ फोडणारा मोठा खेकडा, माझ्याही पानात आला. गोडसर मांस, अजून चव जिभेवर आहे.

निम्मे पाहुणे ऑकलंडहून आलेले. एका घरच्या कार्याने विमान भरते, आणि भरलेले विमान म्हणजे या देशाच्या लोकसंख्येचा दहावा हिस्सा. मुलगा स्वतः ऑकलंडचाच. त्याला नियुएची भाषा येत नाही, युनेस्कोने ती धोक्यातल्या भाषांत धरली आहे. पण त्याचे केस कापायला इथेच यावे लागले. खुर्चीत तासन्‌तास मान ताठ ठेवून बसला होता. शेवटी डोके हलके झाले तेव्हा आई रडली. मला वाटते, जनगणनेच्या रात्री बेटावर कोण झोपले एवढ्यावरून या देशाचे माप काढणे अन्यायाचे आहे.

रविवार

चर्च. सगळे बंद. मासेमारी नाही, होडी नाही. अलोफीच्या दक्षिणेला जुन्या इस्पितळाची जागा पाहिली. जानेवारी २००४च्या हेटा वादळात लाटा कड्यावर चढल्या आणि ते गेले. नवे आत, समुद्रापासून दूर बांधले आहे. अंग मोडून आले. काही लिहवत नाही.

सोमवार, विमानतळ

विमानाला दीड तास उशीर. केस कापायला आलेले सगळे परत निघाले आहेत, शीतपेट्यांत तारो आणि मासे भरून. शेजारी बारावीतली एक मुलगी, मामाला पोचवायला आलेली. बेटावर एक प्राथमिक शाळा, एक माध्यमिक. पुढे शिकायचे तर बहुतेकांना बाहेर जावे लागते. तिला परिचारिका व्हायचे आहे.

"परत येशील?"

"यायचे आहे. इस्पितळात नोकरी मिळेल. पण राहू कुठे, मावशी? आजोबांचे घर आहे, तिथे राहायला अकरा जणांच्या सह्या लागतात."

"किती झाल्या?"

"चार. पाचवी मामाची. तो आत्ता करतोय."

मामा खरेच कागद गुडघ्यावर ठेवून पेन शोधत होता. माझे दिले.

(क्रमशः)